हिमोफिलिया आणि चाल: गुडघ्यातल्या रक्ताचा इतिहास

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, म्हटलं की लोकांना भीती वाटते ती जखमेतून न थांबणाऱ्या रक्ताची. रुग्णाचं आयुष्य मात्र बहुतेक वेळा बदलतं ते गुडघा, घोटा आणि कोपर यांच्या आत होणाऱ्या रक्तस्रावामुळे. बाहेर एक थेंबही दिसत नाही, म्हणूनच वैद्यकशास्त्राचंही लक्ष तिकडे उशिरा गेलं.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन ओटो यांनी १८०३ साली काही घराण्यांतल्या पुरुषांमध्ये दिसणाऱ्या या आजाराचं वर्णन केलं. पण सुजलेला गुडघा पुढची कित्येक दशकं सांध्याचा क्षय समजला जात होता. जर्मन शल्यविशारद फ्रान्झ क्योनिग यांनी अशाच समजुतीने सांधे उघडले आणि रुग्ण रक्तस्रावाने दगावले. त्यानंतर १८९२ मध्ये त्यांनी या सांध्याच्या तीन अवस्था मांडल्या: आधी रक्त भरणं, मग दाह, शेवटी सांधा वाकून आखडणं. आजही उपचार न झालेल्या सांध्यात साधारण हाच क्रम दिसतो.

रशियाचा युवराज अलेक्सेई याला १९१२ मध्ये पोलंडमधल्या स्पाला इथे जांघेत आणि मांडीत मोठा रक्तस्राव झाला. पाय पोटाशी ओढला गेला आणि नंतर कित्येक महिने त्याला नीट चालता येईना. जांघेतला स्नायू रक्ताने फुगला की शेजारून जाणारी, मांडीच्या पुढच्या स्नायूला चालवणारी नसही (मज्जातंतू) दाबली जाऊ शकते. रक्ताचा आजार असा थेट पावलापर्यंत पोचतो.

सांध्यात नेमकं काय होतं? साचलेल्या रक्तातलं लोह सांध्याच्या अस्तरात उरतं. अस्तर जाड होतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्याच पुन्हा फुटतात. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजत जाते. पण यापेक्षा कमी बोललं जातं ते स्नायूबद्दल. सांधा द्रवाने तट्ट फुगला की तिथून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, रोखून धरतात. डी आंद्राडे आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये गुडघ्यात द्रव भरून हे दाखवून दिलं. 'मुलगा जोर लावत नाही' असं घरी म्हटलं जातं, ते अन्यायाचं आहे. जोर लावायची आज्ञाच वाटेत अडते, आणि न वापरलेला स्नायू झपाट्याने बारीक होतो.

सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला तर कमी दुखतो, म्हणून आई मायेने खाली उशी देते. बरेच दिवस तसाच ठेवला की मागचे स्नायू आखडतात आणि गुडघा पुरता सरळ होत नाही. पोटरीत रक्त साचलं तर टाच टेकत नाही, मूल चवड्यावर चालतं. सगळा भार दुसऱ्या पायावर जातो. सांधा कुठल्या कोनात आहे याचं भानही मंदावतं, पाऊल चुकतं आणि नवा रक्तस्राव होतो.

उपचाराची दिशा बदलली ती स्वीडनमध्ये. ज्यांच्या रक्तात फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, नेहमीच्या प्रमाणाच्या एक टक्क्याच्या वर असतो, त्यांचे सांधे बरेचसे शाबूत राहतात, हे इंगा मारी निल्सन यांच्या गटाने हेरलं आणि १९५८ पासून रक्तस्रावाची वाट न पाहता नियमित फॅक्टर द्यायला सुरुवात केली. पुढे ज्युडिथ पूल यांच्या १९६४ च्या क्रायोप्रेसिपिटेटमुळे (गोठवलेला प्लाझ्मा हळू वितळवून मिळणारा साका) साध्या रक्तपेढ्यांनाही फॅक्टर आठ देता येऊ लागला. नियमित उपचाराचा स्पष्ट पुरावा मात्र २००७ साली आला. लहानपणापासून असा उपचार मिळालेल्या अमेरिकी मुलांपैकी ९३ टक्क्यांचे सांधे सहाव्या वर्षी एमआरआयमध्ये धड होते. रक्तस्राव झाल्यावरच फॅक्टर मिळालेल्यांत हे प्रमाण ५५ टक्के होतं.

भारतात १९८३ मध्ये हिमोफिलिया फेडरेशन उभी राहिली. त्या काळात फॅक्टर मिळवणं बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर होतं आणि तेव्हाची मुलं आज वाकलेले गुडघे घेऊन प्रौढ झाली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला, तो या पिढीसाठी फार मोलाचा होता.

आता फॅक्टर आठचं काम करणारं, त्वचेखाली देता येणारं एमिसिझुमॅब हे औषध आलं आहे आणि रक्तस्राव पुष्कळ कमी झाले आहेत. झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही. स्नायू मात्र परत मिळवता येतो. रक्तस्राव शमला की गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबत मांडी घट्ट करायची, मग हळूहळू तोल सांभाळून उभं राहायचं. फॅक्टरच्या आधाराने आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेला हा व्यायाम इंजेक्शनइतकाच उपचाराचा भाग आहे, आणि आपल्याकडे अजूनही तोच सर्वांत आधी सुटतो.