प्लेटलेट्स फक्त रक्त थांबवत नाहीत

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की घरोघरी एकच चौकशी सुरू होते: प्लेटलेट्स किती? त्यामुळे या पेशींबद्दल एक समज पक्का झाला आहे. रक्तस्राव थांबवणं एवढंच त्यांचं काम, आणि जितक्या जास्त तितकं बरं. हृदयविकार समजून घ्यायचा तर हा समज बाजूला ठेवावा लागतो.

प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचा तुटून निघालेला तुकडा. व्यास २ ते ३ मायक्रोमीटर, केंद्रक नाही, आयुष्य ७ ते १० दिवस. जखमी रक्तवाहिनीच्या भिंतीला त्या चिकटतात, हे इटलीच्या ज्यूलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्येच दाखवलं होतं.

विलक्षण भाग पुढचा आहे. प्लेटलेटच्या पोटात अल्फा कण असतात आणि त्यांच्या आवरणात पी-सिलेक्टिन हे प्रथिन. प्लेटलेट चेतवली गेली की हे कण बाहेरच्या आवरणात मिसळतात आणि आत दडलेलं पी-सिलेक्टिन पृष्ठभागावर येतं. मोनोसाइट या पांढऱ्या पेशीवर त्याचं जोडीदार प्रथिन असतं, पीएसजीएल-१. गवतातून चालताना कपड्यांना कुसळं लागावीत तशा प्लेटलेट्स मोनोसाइटला लागतात. ही पकड बसली की मोनोसाइट स्वतःच चेतते आणि दाह वाढवणारी रसायनं सोडू लागते. शिवाय प्लेटलेट्स धमनीच्या अस्तरावर सीसीएल-५ हे केमोकाइन, म्हणजे पांढऱ्या पेशींना बोलावणारं प्रथिन, पसरून ठेवतात. त्यामुळे वाहत जाणाऱ्या मोनोसाइट तिथे थबकतात, भिंतीत शिरतात, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, गिळून फेसाळ पेशी होतात. धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर, म्हणजे प्लाक, वाढतो तो असा. प्लाकप्रवण उंदरांना चेतवलेल्या प्लेटलेट्स वारंवार टोचल्या तेव्हा त्यांचे प्लाक वाढले. त्याच प्लेटलेट्समध्ये पी-सिलेक्टिन नसेल तर ही वाढ कमी झाली. म्हणजे प्लेटलेट्स शेवटच्या गुठळीपुरत्या येत नाहीत, त्या सुरुवातीपासून हजर असतात.

लसूण-आलं-लिंबाचा काढा ‘ब्लॉकेज विरघळवतो’ असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात. प्लाक भिंतीच्या आत असतो, नळीत साचलेला गाळ नव्हे. अशा काढ्यापायी कुणी औषधं बंद करत असेल तर त्याला अडवा.

ॲस्पिरिन प्लेटलेटला चेतवण्याच्या एका वाटेतलं कॉक्स-१ हे विकर (एन्झाइम) कायमचं निकामी करतं. केंद्रक नसल्याने प्लेटलेटला ते पुन्हा पुरेसं बनवता येत नाही, म्हणून छोटा रोजचा डोसही पुरतो. पण रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनसारख्या दुसऱ्या वाटेने प्लेटलेट चेतली तर ॲस्पिरिन असूनही पी-सिलेक्टिन वर येतंच.