प्राथमिक प्रोटोटाइपची वापरचाचणी

संगणकप्रणाली किंवा अ‍ॅप तयार होण्याआधीच त्याच्या स्क्रीनचा कच्चा नमुना वापरणाऱ्यांच्या हाती देणे, ते कुठे अडतात हे पाहणे आणि त्यावरून आराखडा बदलणे, अशी ही पद्धत आहे. व्यवसायात तिला सरसकट ‘युजर टेस्टिंग’ म्हणतात.

सर्वांत स्वस्त नमुना कागदाचा. प्रत्येक स्क्रीन पेन्सिलीने वेगळ्या कागदावर काढतात. मेन्यू आणि सूचनांच्या चौकटी चिठ्ठ्यांवर. समोरच्याला एक काम सांगायचे, उदाहरणार्थ ‘उद्या सकाळच्या गाडीचे तिकीट काढा’. तो कागदावरच्या बटणावर बोट ठेवतो आणि चमूतला एकजण निमूटपणे पुढचा कागद सरकवतो. हा झाला ‘संगणक’. त्याने काहीही समजावून सांगायचे नसते. वापरणाऱ्याने मात्र मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचे. मानसशास्त्रातले हे तंत्र आयबीएमच्या क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये संगणकाच्या चाचण्यांसाठी मांडले. खरी परीक्षा बघणाऱ्या डिझायनरची असते. माणूस चाचपडू लागला की ‘अहो, ते वर उजवीकडे आहे’ असे अगदी ओठावर येते. पण ते सांगितले, की त्या ठिकाणी शिकण्यासारखे काही उरत नाही.

नमुना ओबडधोबड असण्याचा फायदाही होतो. रंगवून सजवलेली स्क्रीन पाहिली की लोक रंगांवर बोलतात आणि एवढे काम झालेले दिसल्याने भिडेपोटी दोष सांगत नाहीत. पेन्सिलीच्या रेघांची भीड कोण ठेवतो!

या चाचण्यांतले बहुचर्चित उदाहरण अ‍ॅपलच्या ‘लिसा’ संगणकाचे. लिसा बाजारात आला १९८३ मध्ये, पण अ‍ॅपलचे लॅरी टेस्लर त्याआधीच त्याच्या चाचण्या घेत होते. चौकटीतला पर्याय पक्का करण्यासाठी ‘डू इट’ (Do It) असे बटण होते. ‘ओके’ फार बोलीतले वाटेल म्हणून चमूने ते टाळले होते. चाचणीत लोक कारण नसताना ‘कॅन्सल’ दाबू लागले. एकजण तर चिडलाच. टेस्लर यांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, मी काही मठ्ठ नाही, हा संगणक मला ‘डोल्ट’ (Dolt, म्हणजे मठ्ठ) का म्हणतो? त्या टंकात (फाँटमध्ये) कॅपिटल आय आणि लहान एल सारखेच दिसत, मधली जागाही नजरेतून निसटे. शेवटी बटणावर ‘ओके’ आले आणि आजतागायत राहिले. हा घोटाळा हाताने लिहिलेल्या कागदी नमुन्यात बहुधा कधीच सापडला नसता, कारण दोष टंकाचा होता. म्हणूनच एकच नमुना सगळ्या प्रश्नांना पुरत नाही.

काही वेळा यंत्र अजून बनलेलेच नसते. आयबीएममध्ये जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी ‘ऐकणाऱ्या टंकलेखन यंत्रा’ची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष १९८३ मध्ये छापून आले. माणूस पत्र तोंडी सांगे आणि स्क्रीनवर अक्षरे उमटत. ती टाइप करत होता दुसऱ्या खोलीतला टंकलेखक. यंत्राला ठरावीकच शब्द येतात, प्रत्येक शब्द सुटा बोलावा लागतो, अशा अटी घालूनही पाहिल्या. असे अपुरे यंत्रसुद्धा पत्रलेखनाला उपयोगी पडेल, असे दिसले. हे यंत्र बनवण्याआधीच कळले, हे विशेष.

किती माणसे बोलवावीत, यावर मात्र एकमत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर यांच्या १९९३ च्या गणितानुसार एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, आणि पुढच्यांना त्यातल्या बऱ्याच पुन्हा आढळतात, म्हणजे पाच जणांत मिळून सुमारे ८५ टक्के. पुढे ‘पाच पुरेत’ हे जणू सूत्रच झाले. २००१ मध्ये जॅरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी मोठ्या संकेतस्थळांच्या चाचण्यांवरून पाच फारच अपुरे असल्याचे दाखवले. नील्सन यांचा आग्रह तरी मुळात एकदाच पाच जणांवर थांबण्याचा नव्हता. पंधरा माणसांचा खर्च परवडत असेल तर तो पाचपाचांच्या तीन फेऱ्यांत वाटावा आणि मधे आराखडा दुरुस्त करावा, असे ते सांगत. घाईच्या प्रकल्पांत नेमकी ही दुसरी-तिसरी फेरीच गळते.