विलंबभारित संवादचौकट

वेब अनुप्रयोगातील एखाद्या संवादचौकटीचा (डायलॉगचा) कोड व मजकूर पानासोबत न पाठवता, वापरकर्त्याने ती चौकट मागितल्यावरच सर्व्हरवरून आणण्याची पद्धत. व्यवहारात तिला ‘लेझी डायलॉग’ किंवा ‘लेझी मोडल’ म्हणतात. पानात आधीच असलेली पण दडवून ठेवलेली चौकट या प्रकारात मोडत नाही. तिचा भार पान उघडतानाच पडून गेलेला असतो.

पूर्वपीठिका : पडद्यावर मध्येच उघडून उत्तर मागणाऱ्या चौकटी ॲपलच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे रूढ झाल्या. झेरॉक्स स्टार या संगणकातील (१९८१) गुणधर्मपत्रे (एखाद्या वस्तूचे गुणधर्म दाखवणारे व बदलू देणारे तक्ते) ही त्यांची जवळची पूर्वज होत. ब्राउझरमध्ये त्या १९९५-९६च्या सुमारास नेटस्केप नॅव्हिगेटर २मधील जावास्क्रिप्टबरोबर आल्या. अलर्ट (सूचना), कन्फर्म (होकार-नकार) आणि प्रॉम्प्ट (मजकूर मागणारी) या तिन्ही चौकटी ब्राउझरच्या स्वतःच्या असल्याने त्यांत बाहेरून आणण्यासारखे काही नव्हते.

उगम : पद्धतीची सुरुवात कोठून धरावी याबद्दल एकवाक्यता नाही. एक प्रवाह तिचे मूळ फलनात्मक आज्ञावलीतील (फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधील) आळशी मूल्यमापनात, म्हणजे गरज पडेपर्यंत गणित न करण्याच्या रीतीत, पाहतो. हेंडरसन व मॉरिस यांचा आणि फ्रिडमन व वाइज यांचा असे त्या विषयावरील दोन पायाभूत निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. वॉड्सवर्थ यांनी १९७१च्या प्रबंधात हीच कल्पना ‘गरजेनुसार आवाहन’ या रूपात मांडली होती. नावाचे साम्य पाहता हे मत सहज पटते. दुसरा प्रवाह मागणीनुसार पृष्ठे आणणाऱ्या स्मृतिव्यवस्थेकडे बोट दाखवतो. मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकात (१९६२) ५१२ शब्दांची पृष्ठे गरज पडेल तशी ड्रममधून (दुय्यम साठ्यातून) गाभास्मृतीत (मुख्य स्मृतीत) येत. बर्लिनमध्ये गुंट्श यांनी १९५६-५७च्या सुमारास तत्सम रचना प्रबंधात वर्णिली होती. तिला अग्रक्रम द्यावा असेही काही अभ्यासक मानतात.

नाव पहिल्या परंपरेतून आले असले, तरी स्वभाव दुसरीचा दिसतो. आळशी मूल्यमापनात गणित पुढे ढकललेले असते. येथे वस्तू दूर ठेवलेली असते आणि तिला आणायला वेळ लागतो. ती वाटेत अडकू शकते, कधी जागेवर सापडतही नाही. पुढे येणाऱ्या बहुतेक तांत्रिक अडचणी या फरकातूनच निघतात.

वेबपुरते बोलायचे तर २००५ मधील लाइटबॉक्स या आज्ञावलीला (कर्ते लोकेश धाकर) पहिले लोकप्रिय उदाहरण मानण्याचा प्रघात आहे. त्यात क्लिक केल्यावर चित्र आणले जाई व काळपट आवरणावर दाखवले जाई. याच वर्षी ‘एजॅक्स’ (पान न बदलता सर्व्हरकडून मजकूर मागवण्याचे तंत्र) हे नाव रूढ झाले आणि एचटीएमएलचा तुकडा मागवून तो रिकाम्या चौकटीत ओतण्याची रीत फैलावली. मात्र इंटरनेट एक्सप्लोरर ४ने (१९९७) दिलेले शो-मोडल-डायलॉग हे फलन (फंक्शन) याआधीचे आहे. ते पत्ता घेई, त्या पत्त्यावरचे पान त्याच क्षणी मागवी आणि चौकट बंद होईपर्यंत मूळ पानाची आज्ञावली थांबवून ठेवी. व्याख्या काटेकोर लावली तर अग्रमान याकडे जातो. ते बदनाम झाले, यामुळेच इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिले असावे. क्रोमने आवृत्ती ३७ मध्ये (२०१४) ते बंद केले आणि त्याच आवृत्तीत एचटीएमएलचा नवा डायलॉग घटक दिला. फायरफॉक्सने ते आवृत्ती ५६ मध्ये (२०१७) काढले. डायलॉग घटक फायरफॉक्स व सफारीत मार्च २०२२ मध्ये आला. एचटीएमएल ५च्या जुन्या मसुद्यांत याच नावाचा घटक संभाषणे नोंदवण्यासाठी होता व तो २००९च्या सुमारास वगळला गेला. त्याचा सध्याच्या घटकाशी संबंध नाही.

कोडचे विभाजन : मजकुराइतकाच कोडही उशिरा आणणे हा नंतरचा टप्पा. गूगल वेब टूलकिट २.० (डिसेंबर २००९) मधील रन-असिंक (कोडचा भाग गरजेच्या वेळी आणणारी सोय) हे त्याचे ठळक आरंभीचे साधन होय. २०१२ नंतर वेबपॅक या, अनेक फाइलींचे गठ्ठे बांधणाऱ्या साधनाने ही सोय सर्वसामान्य केली. चल इम्पोर्ट (आज्ञावली चालू असताना मॉड्यूल, म्हणजे कोडची स्वतंत्र फाइल, मागवण्याची सोय) प्रथम क्रोम ६३ मध्ये (२०१७) आणि फायरफॉक्स ६७ मध्ये (२०१९) उपलब्ध झाले व जावास्क्रिप्टच्या ईएस२०२० या प्रमाणात समाविष्ट झाले. तेव्हापासून क्लिकच्या हाताळणीतच मॉड्यूल मागवणे व आल्यावर चौकट उघडणे एवढ्यात काम भागते. पडद्यावरचे घटक रचण्याच्या रिॲक्ट या जावास्क्रिप्ट-संचाच्या आवृत्ती १६.६ मध्ये (२०१८) लेझी (घटक उशिरा आणणारे फलन) व सस्पेन्स (तो येईपर्यंत पर्यायी दृश्य दाखवणारा घटक) आले. अँग्युलर या तशाच दुसऱ्या चौकटीत (फ्रेमवर्कमध्ये) आवृत्ती ९च्या (२०२०) आयव्ही संकलकापूर्वी डायलॉगचा घटक मॉड्यूलमध्ये आगाऊ नोंदवावा लागे; ती अट त्यानंतर गेली.

विभाजन केले तरी ते झालेच असे नाही. तोच घटक दुसऱ्या एखाद्या फाइलमध्ये साध्या इम्पोर्टने आणलेला असेल, तर बांधणीचे साधन त्याला मुख्य गठ्ठ्यातच ठेवते. सगळे घटक एकत्र निर्यात करणाऱ्या अनुक्रमणिका-फाइलींमुळे हे नकळत घडते. रिॲक्टमध्ये आणखी एक सापळा आहे : लेझी घटक प्रथम चित्रित (रेंडर) होताना आणला जातो, उघडताना नव्हे. ‘उघडे : नाही’ असा गुणधर्म देऊन चौकट पानात कायम ठेवली, तर ती लगेच डाउनलोड होते आणि सगळा खटाटोप व्यर्थ जातो. उलट, बंद करताना घटक पानातून एकदम काढला, तर मिटण्याचे ॲनिमेशन दिसत नाही. म्हणून प्रथम उघडल्यानंतर तो घटक राहू देण्याची पद्धत अधिक सोयीची ठरते.

मधला अवकाश : या पद्धतीत खर्च नाहीसा होत नाही, तो पान उघडण्याच्या क्षणावरून क्लिकच्या क्षणावर सरकतो. प्रतिसादाच्या मर्यादा मिलर (१९६८) व नंतर नील्सन (१९९३) यांनी मांडल्या आहेत : सुमारे ०.१ सेकंदापर्यंतचा विलंब जाणवत नाही, १ सेकंदानंतर विचारांची साखळी तुटू लागते. त्यामुळे चौकट आल्यावर उघडावी, की रिकामी उघडून मग भरावी, हा खरा निर्णय आहे.

रिकामी चौकट लगेच उघडली तर क्लिक पोचल्याची खूण मिळते. पण ब्राउझर चौकट उघडतानाच्या क्षणी फोकस (कळफलकाच्या कळा कोणत्या घटकाला लागू होतील ते) ठरवतो. तेव्हा आत फक्त बंद करण्याचे बटण असेल तर फोकस त्यावर बसतो आणि नंतर आलेल्या पहिल्या रकान्याकडे आपोआप जात नाही. चौकट आल्यावरच उघडण्याच्या मार्गात, वाट पाहताना मूळ बटण निष्क्रिय करण्याची सवय अनेकांना असते. निष्क्रिय बटणावरचा फोकस सुटू शकतो; मग चौकट मिटल्यावर तो परत कोठे न्यावा हे ब्राउझरला कळत नाही. कळफलकावर किंवा स्क्रीन रीडरवर अवलंबून असणाऱ्यांना याचा थेट फटका बसतो. बटण खरोखर निष्क्रिय न करता एरिया-गुणधर्माने (स्क्रीन रीडरसारख्या साधनांना स्थिती कळवणाऱ्या खुणेने) तसे सांगणे व दुसरा क्लिक आज्ञावलीत दुर्लक्षिणे हा उपाय बरा. दुसरा क्लिक दुर्लक्षिला नाही तर मॉड्यूल एकदाच येते, पण ‘उघडा’ ही आज्ञा दोनदा चालते. वापरकर्ता दरम्यान दुसऱ्या दृश्यावर गेला असेल तर उशिरा आलेली चौकट भलत्याच पानावर अवतरते, हेही तपासावे लागते.

क्लिकमुळे मिळणारी वापरकर्ता-कृतीची मुदतही (क्लिकनंतर काही गोष्टी करू देण्याची ब्राउझरची थोडक्या वेळाची परवानगी) याच अवकाशात संपू शकते. क्रोममध्ये ती सुमारे ५ सेकंद असते. डायलॉग घटक उघडण्यास तिची गरज नाही. पण चौकट आल्याआल्या फाइलनिवड किंवा नवी खिडकी उघडायची असेल आणि जाळे संथ असेल, तर ब्राउझर नकार देतो. वेगवान जोडणीवर चाचणी करणाऱ्याला हा दोष दिसतच नाही.

अपयश : बांधणीत फाइलींच्या नावांना मजकुरावरून काढलेली हॅश-खूण जोडलेली असते. सकाळी उघडलेल्या टॅबकडे जुनी नावे असतात. दुपारी नवी आवृत्ती चढवून जुन्या फाइली पुसल्या की संध्याकाळच्या क्लिकला ४०४ (फाइल सापडली नाही) असे उत्तर येते. जुन्या फाइली काही काळ राहू देणे हा सर्वांत साधा इलाज. काही ब्राउझर फसलेले इम्पोर्ट स्मरणात ठेवत असल्याने त्याच पत्त्यावर पुन्हा प्रयत्न केल्याने भागेलच असे नाही. पान ताजे करावे लागते.

उपयुक्तता : मजकूर-संपादक, नकाशा, आलेख किंवा पीडीएफ-दर्शक असलेल्या जड आणि क्वचित उघडणाऱ्या चौकटींना ही पद्धत शोभते. ‘काढून टाकू का?’ एवढेच विचारणाऱ्या चौकटीला ती लावू नये : काही शे बाइट वाचवण्यासाठी सर्व्हरपर्यंतची एक अख्खी फेरी खर्च होते, आणि लहान तुकडे दाबूनही (कॉम्प्रेस करूनही) फारसे आक्रसत नाहीत. बटणावर माउस किंवा फोकस येताच मॉड्यूल मागवून ठेवणे ही मधली वाट आहे; स्पर्शपडद्यावर माउस फिरवणे नसल्याने तेथे बोट टेकण्याची घटना वापरतात.

देवनागरी मजकुरासाठी एक पुरवणी आवश्यक आहे. युनिकोड-पल्ल्यानुसार (अक्षरांच्या संकेतांक-गटांनुसार) विभागलेला वेब-फॉन्ट त्या पल्ल्यातील अक्षर पानात दिसेपर्यंत उतरत नाही. इंग्रजी पानावर मराठी चौकट प्रथमच उघडली, तर कोड पोचल्यानंतर फॉन्टची आणखी एक मागणी जाते आणि तोवर मजकूर पर्यायी फॉन्टमध्ये दिसतो किंवा क्षणभर दिसतच नाही. जोडाक्षरे व मात्रांमुळे दोन फॉन्टांतील ओळींची उंची बरीच भिन्न असू शकते, त्यामुळे उघडलेली चौकट नजरेसमोर आकार बदलते. मॉड्यूल आगाऊ मागवतानाच फॉन्टही मागवला, तर हे टळते.