युजर डीएसएन की सिस्टिम डीएसएन: नोंद कोणाच्या नावावर?

ओडीबीसी म्हणजे प्रोग्रामला डेटाबेसशी जोडून देणारी सोय. विंडोजमध्ये तिच्या सेटिंगची खिडकी, म्हणजे ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटर, उघडला की सुरुवातीलाच युजर डीएसएन आणि सिस्टिम डीएसएन असे दोन टॅब दिसतात. दोन्हीकडे 'ॲड'चं बटण तेच, ड्रायव्हरची (त्या त्या डेटाबेसशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरची) यादी तीच आणि सर्व्हरचं नाव विचारणारी खिडकीही तीच. त्यामुळे बहुतेक जण समोर आलेल्या पहिल्याच टॅबमध्ये माहिती भरतात आणि 'टेस्ट' दाबतात. जोडणी झाल्याचा संदेश येतो, काम झालं असं वाटतं. मग त्याच कॉम्प्युटरवर दुसरं कोणी लॉगिन करतं आणि प्रोग्राम 'आयएम००२' ही चूक दाखवतो: या नावाचा डेटा सोर्स सापडला नाही.

डीएसएन (डेटा सोर्स नेम) म्हणजे प्रत्यक्ष जोडणी नव्हे. कोणता ड्रायव्हर, कुठला सर्व्हर, कुठला डेटाबेस, एवढं एका नावाखाली लिहून ठेवलेली ती नोंद असते. प्रोग्राम फक्त ते नाव सांगतो, बाकीचं ओडीबीसी शोधतं. दोन टॅबमधला खरा फरक ही नोंद कुठे लिहिली जाते यात आहे. युजर डीएसएन रजिस्ट्रीच्या (विंडोज जिथे सेटिंग साठवतं त्या नोंदवहीच्या) 'एचकी करंट युजर' भागात जातो, म्हणजे ज्याने लॉगिन केलंय त्याच्या खात्यात. सिस्टिम डीएसएन 'एचकी लोकल मशीन' भागात जातो, म्हणजे कॉम्प्युटरच्या नावावर. तो त्या मशीनवरच्या प्रत्येक खात्याला दिसतो.

म्हणून टॅब निवडण्याआधी एवढंच विचारावं: हा प्रोग्राम कोणाच्या नावाने चालणार आहे? फक्त तुम्हीच एक्सेलमधून रिपोर्ट ओढणार असाल तर युजर डीएसएन पुरेसा आहे आणि त्याला ॲडमिन खात्याचे अधिकारही लागत नाहीत. पण एकाच डेस्कटॉपवर आळीपाळीने तिघे बसत असतील तर सिस्टिम डीएसएनच हवा. पार्श्वभूमीला चालणाऱ्या विंडोज सर्व्हिसचंही तसंच. ती बहुधा 'लोकल सिस्टिम'सारख्या वेगळ्या खात्यावर चालते आणि तुमच्या खात्यातली नोंद तिला दिसतच नाही. इथे 'टेस्ट'चं बटण हमखास दिशाभूल करतं. ती चाचणी तुमच्या नावाने होते, सर्व्हिसच्या नावाने नाही. त्यामुळे 'टेस्ट तर यशस्वी झाली होती' एवढ्यावर सर्व्हर किंवा नेटवर्कला दोष देत बसू नये.

आणखी एक खाचखळगा फार कमी ठिकाणी सांगितला जातो. तुमचं खातं साधं आहे आणि ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटर उघडताना तुम्ही दुसऱ्या एखाद्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड दिलात, तर ती खिडकी त्या ॲडमिनच्या नावाने उघडते. तिथे केलेला युजर डीएसएनही त्याच्याच खात्यात जातो. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांदेखत नोंद केलेली असते, तरी तुमच्या प्रोग्रामला ती मिळत नाही.

मग सरसकट सिस्टिम डीएसएनच का करू नये? कारण पासवर्ड. काही ड्रायव्हर तो डीएसएनच्या नोंदीतच साठवतात आणि 'लोकल मशीन'मधली ही नोंद सहसा साध्या खात्यालाही वाचता येते. कॉम्प्युटर अनेकांच्या वापरात असेल तर पासवर्ड तिथे ठेवूच नये. जमेल तिथे विंडोजच्या खात्यानेच डेटाबेसमध्ये प्रवेश देण्याची सोय वापरावी.

३२ बिट आणि ६४ बिटचा गुंता याच्याशी जोडलेला आहे. ६४ बिट विंडोजवर ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटरही दोन असतात आणि सिस्टिम डीएसएनच्या नोंदी दोन वेगळ्या जागी राहतात. ३२ बिट प्रोग्रामला ६४ बिटचा सिस्टिम डीएसएन सापडत नाही. युजर डीएसएन मात्र दोन्ही ॲडमिनिस्ट्रेटरमध्ये दिसतो. पण दिसला म्हणजे चालेलच असं नाही: ड्रायव्हर आणि प्रोग्राम वेगवेगळ्या बिटचे असतील तर 'आयएम०१४' ही चूक येते. फाइलींची नावं तर आणखी गोंधळात टाकतात. 'सिस्टिम३२' फोल्डरमधला ॲडमिनिस्ट्रेटर ६४ बिटचा असतो आणि 'सिसवाव६४'मधला ३२ बिटचा. प्रोग्राम किती बिटचा आहे ते आधी पाहा आणि त्याच बिटचा ॲडमिनिस्ट्रेटर उघडा.

युजर डीएसएनचा सिस्टिम डीएसएन करायचा असेल तर त्या खिडकीत नोंद हलवण्याचं बटण नाही, नवीनच करावी लागते. नाव तेच ठेवा, म्हणजे प्रोग्राममध्ये काही बदलावं लागणार नाही. मात्र त्यानंतर जुना युजर डीएसएन काढून टाका. एकाच नावाच्या दोन्ही नोंदी असतील तर ओडीबीसी आधी युजरची नोंद उचलतं. पुढे कधी सर्व्हर बदलला आणि तुम्ही सिस्टिमची नोंद दुरुस्त केलीत, तरी तुमचा प्रोग्राम जुन्याच सर्व्हरकडे जात राहील आणि बाकीच्यांचा नव्या.