लाल शेला सांजेला कुठे जातो?

नाटुकलं सिकलसेल या रक्ताच्या आजारावर होतं. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात, धानाची कापणी आटोपल्यावर आम्ही ते मंच न बांधता गल्ल्यांतून फिरत केलं. तीन नट, तीन शेले: लाल, हिरवा, पांढरा. ज्याची गोष्ट ऐकायची त्याच्यामागे चालायचं. लाल म्हणजे निरोगी रक्तपेशी. निम्मं गाव तिच्याच मागे. साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडाला. सहा वाजून गेल्यावर पांदणीच्या वळणावर पोरं ओरडली, "कुठी गेला बे लालवाला?"

तो दहा हातांवरच उभा होता! त्याच्याही पलीकडचा हिरवा शेला मात्र दिसत होता. एक बुढा म्हणाला, "त्या चिंचेखाली मानूस गडपच होते." चिंचेचा काही दोष नव्हता. दोष आमचा, कारण 'लाल रंग लांबून दिसतो' हे शाळेतलं वाक्य आम्ही धरून बसलो होतो. लाल प्रकाश हवेत कमी विखुरतो, म्हणून धोक्याचा दिवा लाल. ही गोष्ट दिव्याची. शेल्याला स्वतःचा उजेड कुठला?

खरी गंमत डोळ्यात आहे. दृष्टिपटलावर दोन जातींच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी साधारण 60 लाख. त्या रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशी त्यांच्या कितीतरी पट. त्या अंधुक उजेडात काम करतात, रंग मात्र ओळखत नाहीत. दिवसा डोळा सर्वांत संवेदनशील असतो 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाला, म्हणजे पोपटी-पिवळ्याला. अंधारात हे शिखर 507च्या आसपास, हिरव्या-निळ्याकडे सरकतं. दंडपेशींतलं ऱ्होडॉप्सिन, म्हणजे उजेड शोषणारं रंगद्रव्य, 620च्या पुढचा लाल प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. आणि शोषला नाही तर त्यातल्या रेटिनलचा वाकडा रेणू सरळ होत नाही, तो सरळ झाला नाही तर मेंदूकडे निरोप जात नाही. म्हणून सांजेला लाल कापड काळं पडतं. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं हे 1825 साली छापलं होतं.

पडताळा अंगणातच घ्या. भर दुपारी जास्वंदीचं फूल पानांपेक्षा उठून दिसतं. दिवेलागणीला दिवा न लावता पुन्हा बघा: पानं करडी पण उजळ, फूल काळा ठिपका. मोबाइलचा टॉर्च मात्र लावू नका, ऱ्होडॉप्सिन पुन्हा भरून यायला अर्धा तास जातो.

पुढच्या गावात शेला लालच ठेवला, काठाला चार बोटं पांढरी पट्टी शिवली. कोणी हरवलं नाही. नटाची तेवढी कुरकुर आहे, आता तो वरातीतला बँडवाला वाटतो म्हणे.