उंबराच्या आत कोण कोण राहतं?

नागपुरात सिव्हिल लाइन्स असो की सेमिनरी हिल्स, जुन्या उंबराखाली पिकल्या फळांचा सडा पडतो. फळ फोडलं की बारीक किडे निघतात आणि आपण ते ‘किडकं’ म्हणून फेकून देतो. मला हे फार खटकतं, कारण या किड्यांवाचून उंबराला बीच धरलं नसतं.

उंबराची फुलं फळाच्या आत असतात. तिथवर पोचते सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स, जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशी. फळाच्या तोंडाशी असलेल्या अरुंद वाटेतून मादी आत घुसते, त्यात बहुधा तिचे पंख तुटतात. सोबत आणलेले परागकण ती फुलांना देते आणि काही फुलांच्या बीजांडांत अंडी घालते. जिथं अंडं पडलं तिथं बी होत नाही, अळी त्यावरच वाढते. एका अळीमागं एक बी, ही झाडानं मोजलेली किंमत.

पण त्याच फळातून आणखीही माश्या निघतात. दक्षिण भारतातल्या उंबरात परागीकरण न करणाऱ्या सहा जाती नोंदल्या गेल्या आहेत. तिघी बीजांडात गाठ तयार करून त्यावर जगतात, तिघी दुसऱ्यांच्या अळ्यांवर. या सहाही जणी फळात शिरतच नाहीत; बाहेरूनच केसाहून बारीक अंडनलिकेनं साल भोकसतात. अपोक्रिप्टा वेस्टवुडाय या जातीच्या नलिकेच्या टोकाला दाते असतात आणि त्यांत जस्त असतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं. कच्चं उंबर नखानं दाबून बघा, म्हणजे त्या धातूची गरज लगेच कळते.

आता या सगळ्यांना ओळखायचं कसं? पिकायला आलेली फळं बरणीत ठेवून तोंडाला मलमलचं फडकं बांधतात. माश्या बाहेर आल्या की अल्कोहोलमध्ये टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मिशांचे खंड, पंखावरची शीर, अंडनलिकेची लांबी तपासतात. खरी अडचण नरांची. बऱ्याच जातींत त्यांना पंखच नसतात, आणि ते मादीपेक्षा इतके वेगळे दिसतात की पूर्वी काही नर-माद्यांना दोन निराळ्या जाती समजून दोन नावं दिली गेली. इथं डीएनएचा आधार मिळतो: 2003 मध्ये पुढे आलेल्या बारकोड पद्धतीत एकाच जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून जोड्या जुळवता येतात. कधी उलटंही घडतं, एक समजलेली जात दोन निघते.

या माश्या ज्या कॅल्सिड गटात मोडतात, त्यातल्या बावीस हजारांहून जास्त जातींना नावं मिळाली आहेत; खरी संख्या काही लाखांत असावी, असा अंदाज आहे. वडाची परागक माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. म्हणून बरणीत चिठ्ठी हवीच: झाड कोणतं, जागा कोणती, तारीख काय. तीही पेन्सिलीनं लिहिलेली, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि चिठ्ठी नसलेला नमुना अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी ठरतो.