ग्रँड बझार, इस्तंबूल

तुर्कस्तानातील इस्तंबूल शहराच्या जुन्या भागातील छताखालची बाजारपेठ. तुर्की नाव कपालीचार्शी, म्हणजे झाकलेला बाजार. बायझीद आणि नूरुओस्मानिये या दोन मशिदींच्या दरम्यान ती पसरली आहे. तीत साठच्या आसपास गल्ल्या व सुमारे ४,००० दुकाने असल्याचे सांगितले जाते; मात्र लगतच्या सराया (हान) मोजणीत धरल्या की नाही यावर आकडा बदलतो. एमिनॉनू येथील मसाल्यांचा बाजार (मिसिर चार्शी) हा वेगळा.

बाजाराचा गाभा म्हणजे जेवाहिर बेदेस्तेन (बेदेस्तेन म्हणजे मौल्यवान मालाचा बंदिस्त बाजार) ही जाड भिंतींची, आठ खांबांवर पंधरा घुमट पेलणारी इमारत. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) जिंकल्यावर ऑटोमन सुलतान दुसऱ्या महंमदाने १४५५–५६ च्या हिवाळ्यात तिचे काम सुरू केले, ते १४६०–६१ च्या सुमारास पुरे झाले व तिचे उत्पन्न आयासोफिया मशिदीच्या वक्फाला लावून दिले, असे सर्वसाधारणपणे मानतात. वाद आहे तो पूर्वेकडील सोनारांच्या दरवाजामुळे. त्याच्या माथ्यावर गरुडाचे बायझंटिन (ऑटोमनांपूर्वीच्या पूर्व रोमन साम्राज्याच्या काळचे) शिल्प बसवलेले असून ते कॉम्नेनस या बायझंटिन राजघराण्याचे चिन्ह समजले जाते. त्यावरून मूळ इमारतच बायझंटिन असावी, महंमदाने ती केवळ वापरात घेतली, असे काही अभ्यासकांनी प्रतिपादले. हा परिसर बायझंटिन काळातही व्यापाराचा होता, ही बाब त्या मताला पोषक ठरते. परंतु विटकामाच्या तपासणीतून बांधणीचा बहुतांश भाग १५ व्या शतकाच्या उत्तरार्धातला दिसतो, आणि बुर्सा व एदिर्ने या ऑटोमन शहरांतील बेदेस्तेनांशी तिचा आराखडा जुळतो. शहरात पडलेले जुने कोरीव दगड नव्या भिंतींत बसवण्याची रीत सर्रास होती. तेव्हा दगड जुना, इमारत ऑटोमन, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वीस घुमटांचे सान्दाल बेदेस्तेन नंतरचे. त्याचे नाव बुर्सात विणल्या जाणाऱ्या एका रेशीममिश्रित कापडावरून पडले.

दोन बेदेस्तेनांभोवतीच्या गल्ल्या बराच काळ लाकडी होत्या व वारंवार जळत. कमानींचे पक्के छत मुख्यतः १७ व्या शतकाच्या अखेरीपासून आले.

१९ व्या शतकापर्यंत आजच्यासारखी दुकाने नव्हती. भिंतीला लागून लाकडी कपाटे (दोलाप) असत. व्यापारी त्यांच्यापुढच्या बैठकीवर मांडी घालून बसे, गिऱ्हाईकही तिथेच टेके, कॉफी येई आणि मग कपाटातला माल एकेक करून बाहेर निघे. पाटी नाही, जाहिरात नाही. एका व्यवसायाची माणसे एका गल्लीत बसत व श्रेणींचे (व्यावसायिक संघांचे) नियम पाळत. बेदेस्तेन ही एक प्रकारची तिजोरीही होती: धनिक आपले रोख व जवाहीर तिथे ठेवीत. १५९१ मध्ये तेथून ३०,००० सोन्याची नाणी चोरीला गेल्यावर बाजार दोन आठवडे बंद राहिला. नाणी अखेर जमिनीवरच्या चटईखाली सापडली व कस्तुरी विकणारा एक तरुण इराणी फासावर गेला.

हिंदुस्थानातून येणाऱ्या मालाबाबत मात्र या बाजारापेक्षा शेजारच्या बुर्साच्या नोंदी अधिक बोलक्या आहेत. बहमनी वजीर महमूद गावान याचे गुमास्ते १४८० च्या सुमारास तेथे व्यापार करीत होते.

युरोपच्या गिरण्यांचे स्वस्त कापड आणि १८३८ चा ब्रिटनबरोबरचा व्यापारी करार यांनी जुन्या घडीला धक्का दिला. सान्दाल बेदेस्तेनमधील कापडव्यापार मोडला, १९१४ मध्ये नगरपालिकेने ती वास्तू घेतली व तेथे लिलावघर चालवले. १८९४ च्या भूकंपानंतर डागडुजी झाली, पण बाजार आकसला. १९५४ च्या आगीनंतरचे काम १९५९ पर्यंत चालले.

गल्ल्यांची नावे अजून जुन्या धंद्यांची आहेत, धंदे मात्र पालटले. टोप्या करणाऱ्यांच्या काल्पाकचिलार या मुख्य रस्त्यावर आता सोन्याचांदीच्या पेढ्या आहेत. इतरत्र गालिचे, चामडी वस्तू, दिवे व पर्यटकांसाठीचा किरकोळ माल विकला जातो. रविवारी बाजार बंद असतो.